मेंदी : पान, पावडर आणि दुकानदाराची पत

मेंदीची ओळख आपल्या समाजाला करून देण्याची गरज नाही. लग्नाचे घर असो, ईदचा बाजार असो वा बुजुर्गांची दाढी असो, मेंदी सगळीकडे आहे. परंतु ज्या वस्तूवर आपली हजारो छोटी दुकाने, हातगाड्या आणि घरी बसून कोन भरणाऱ्या भगिनींची रोजी चालते, ती वस्तू पिकते कुठे, दळली कशी जाते, तिचा भाव कशावर ठरतो आणि तिच्यात भेसळ नेमकी कुठे होते, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्या व्यापाऱ्यांना असते. आम्ही पेशाने कापडवाले. रंग पक्का की कच्चा, हा सवाल आम्हाला रोज पडतो. म्हणूनच या रंगाच्या झाडाबद्दल चार कामाच्या गोष्टी वाचक बंधूंपुढे ठेवीत आहोत.

झाड कोणते?

मेंदी, मेहंदी, हिना ही सारी एकाच झुडुपाची नावे. संस्कृतात तिला मदयन्तिका म्हणतात, तामिळमध्ये मरुदाणी. वनस्पतिशास्त्रातील नाव लॉसोनिया इनर्मिस. हे नाव लिनियस या शास्त्रज्ञाने आपला स्कॉटिश डॉक्टर मित्र आयझॅक लॉसन याच्या नावावरून दिले. नात्याने ती डाळिंबाच्या कुळातली. मोकळे वाढू दिले तर झुडूप दोन ते सहा मीटरपर्यंत उंच होते. पाने लहान, समोरासमोर. फुले बारीक, पांढरट किंवा किंचित गुलाबी, झुपक्यांनी येणारी आणि अतिशय सुवासिक. फळ वाटाण्याएवढे, त्यात बारीक बियांचा खच.

एक खुलासा इथेच करून टाकतो. शहरात बंगल्यांच्या आणि बागांच्या कुंपणाला जी हिरवी कातरलेली झुडपे असतात, त्यांना लोक सरसकट 'मेंदी' म्हणतात. त्यातील पुष्कळशी झुडपे कोयनेलची किंवा डुरांटाची असतात. त्यांच्या पानाचा रंग हाताला लागत नाही. तेव्हा कुंपणाचा पाला स्वस्तात मिळतो म्हणून कोणी दाखवायला आणला, तर आधी पान चुरगाळून तळहातावर तासभर बांधून पाहावे. खरी मेंदी असेल तर नारिंगी डाग पडलाच पाहिजे.

सोजतचा बाजार

हिंदुस्थानात मेंदीच्या व्यापाराचे सर्वात मोठे ठाणे म्हणजे राजस्थानातील पाली जिल्ह्याचे सोजत. तिथल्या मेंदीला २०२१ साली 'सोजत मेहंदी' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पाऊस बेताचा, वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटरच्या आसपास, जमीन हलकी, विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी खारट. जिथे दुसरे नगदी पीक भरवशाचे नाही, तिथे या झुडुपाने शेतकऱ्याला हात दिला. गुजरातेत सुरत जिल्ह्यातील बारडोली आणि मढी हा टापूही मेंदीसाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. दिल्लीजवळच्या फरिदाबादला दळणाचे आणि पॅकिंगचे कारखाने होते. परंतु आज पाला, गिरण्या आणि निर्यातदार हे तिन्ही एका जागी पाहायचे असतील तर सोजतलाच जावे लागते.

बाहेरच्या देशांत पाकिस्तान, इराण, येमेन, सुदान, इजिप्त इथेही मेंदी पिकते. इराणमध्ये यझ्द शहरातल्या दगडी जात्याच्या मेंदी गिरण्या मशहूर आहेत. हिंदुस्थानी माल आखाती देश, उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान, युरोप आणि अमेरिका इथवर जातो.

लागवड कशी होते?

मेंदीचे बी कठीण सालीचे आणि उशिरा उगवणारे. म्हणून ते दहा-बारा दिवस पाण्यात भिजत ठेवतात आणि पाणी रोज बदलतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाफ्यात बी टाकायचे, बी बारीक असल्याने वाळूत मिसळून पेरायचे आणि पहिला चांगला पाऊस झाला की जुलै-ऑगस्टमध्ये रोपे शेतात लावायची, अशी रीत आहे. लावताना रोपाची मुळे व शेंडा थोडा छाटतात. ओळींत साधारण दीड फूट आणि रोपांत एक फूट अंतर ठेवले तर पुढे आंतरमशागत सोपी जाते.

पहिल्या वर्षी उत्पन्न नावापुरते येते. तिसऱ्या वर्षापासून झुडूप पूर्ण भरते आणि त्यानंतर तेच शेत वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न देत राहते. दरवर्षी पेरणी नाही, बियाण्याचा खर्च नाही, हा या पिकाचा मोठा फायदा. कोरडवाहू शेतीत हेक्टरी साधारण एक टनाच्या आसपास वाळलेला पाला धरावा. निगा चांगली असेल तर याहून अधिक. किडींमध्ये एरंडीवर येणारी उंटअळी मेंदीचाही पाला फस्त करते, आणि वाळवीचाही त्रास होतो. पाणी साचणारी काळी, चिबड जमीन तिला मानवत नाही.

खरी परीक्षा काढणीच्या वेळी होते. मुख्य काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मजूर एका हातात जाड मोजा घालून काटेरी फांद्या धरतात आणि दुसऱ्या हाताने विळ्याने जमिनीपासून तीन-चार बोटे वर कापतात. कापलेल्या फांद्या शेतात वाळवून, झोडपून पाला वेगळा करतात. या दोन-तीन दिवसांत पाऊस आला तर कापलेला पाला काळा पडतो आणि त्याचा रंग जातो. शेतकऱ्याची वर्षाची कमाई अशी एका सरीवर अवलंबून असते. सप्टेंबर संपता संपता मेंदीच्या भावात जो चढउतार दिसतो, त्याचे मूळ दलालाच्या मर्जीपेक्षा तिकडच्या आभाळात अधिक असते, हे ठोक खरेदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दळण आणि प्रतवारी

गोणीत भरलेल्या पाल्यात काड्या, बोंडे, धूळ आणि वाळू असते. तो आधी चाळून, हवेवर साफ करून मग दळतात. त्यानंतर पावडर किती वेळा आणि किती बारीक जाळीतून गाळली, यावर भाव ठरतो. आपल्या बायका ज्याला 'कपडछान' म्हणतात, म्हणजे कापडातून गाळलेली, तीच कोनासाठी योग्य. कारण कोनाचे टोक सुईएवढे. एक काडी अडकली की बारीक नक्षी काढणारीचा हात थांबतो, धार फाटते आणि गिऱ्हाईकापुढे मान खाली जाते. केसांसाठी जाडसर पावडर चालते.

पावडरचा वैरी तीन : ऊन, ओल आणि वेळ. दुकानाच्या काचेत उन्हाला ठेवलेली पुडी सहा महिन्यांत निम्मी मेलेली असते. हवाबंद, अंधाऱ्या, थंड जागी ठेवलेली पावडर मात्र चांगली टिकते. खरेदी करताना 'यंदाच्या काढणीचा पाला आहे का' हा पहिला प्रश्न विचारावा.

रंग चढतो कसा?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. त्याचे प्रमाण वाळलेल्या पानात शेकडा एक-दोनच्या घरात. आंबट पाण्यात भिजवले की हे द्रव्य हळूहळू मोकळे होते. कातडीच्या वरच्या थरात, केसांत आणि नखांत केराटिन नावाचे प्रथिन असते. लॉसोन त्याला जाऊन धरते. मेंदी काढल्यावर रंग आधी नारिंगी दिसतो, मग हवेने गडद होत होत २४ ते ४८ तासांत तांबूस-तपकिरी होतो. तळहात आणि तळपाय यांची कातडी जाड असल्याने तिथे रंग गडद चढतो. मनगटाच्या वर तो फिकाच राहतो. आठ-दहा दिवसांत कातडीचा थर झडतो आणि रंगही जातो. नखावरचा रंग मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत हटत नाही.

लिंबाचा रस, थोडी साखर आणि निलगिरीसारखे सुवासिक तेल घालण्याची घरगुती पद्धत योग्यच आहे. एवढी माहिती दुकानदाराला असली तर पुढचा सगळा मामला त्याला समजतो. अस्सल मेंदी काळी नसते, आणि ती दहा मिनिटांत गडद होत नाही. या दोन गोष्टींत काहीही अपवाद नाही.

'काळी मेंदी' नावाचे जहर

आता मुद्द्याचे. बाजारात 'दहा मिनिटांत गडद', 'इन्स्टंट', 'ब्लॅक' अशा नावांनी जे कोन विकले जातात, त्यांत रंग पानाचा नसतो. काळ्या कोनात बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायमिन, ज्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात, ते रसायन असते. हे केसांच्या काळ्या डायमध्ये वापरले जाते. तिथेही त्याची मर्यादा ठरवलेली असते. युरोपात केसांना लावताना त्याचे प्रमाण शेकडा दोनपेक्षा जास्त चालत नाही, आणि कातडीवर थेट लावण्यास परवानगीच नाही. अमेरिकेतही मेंदीला सरकारी मान्यता फक्त केस रंगविण्यासाठी आहे. २००६ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने पीपीडीला 'वर्षातील ॲलर्जीकारक पदार्थ' म्हणून जाहीर केले होते.

याने होते काय? काहींच्या हातावर नक्षीच्या रेषेबरोबर फोड उठतात, पाणी सुटते, नंतर त्या नक्षीचे पांढरे किंवा काळपट डाग महिनोन् महिने राहतात. त्याहून वाईट गोष्ट अशी की, शरीराने एकदा या रसायनाशी वैर धरले की ते जन्मभर राहते. त्या मुलीने वीस वर्षांनी केसांना डाय लावला तर चेहरा सुजतो. आम्हा कापडवाल्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण कृत्रिम धाग्यावरच्या काही गडद रंगांनीही अशा व्यक्तीच्या अंगाला खाज आणि पुरळ उठू शकते. एका ईदच्या हौसेची किंमत आयुष्यभर मोजायची, असा हा सौदा आहे.

अस्सल मेंदीतही एक सावधगिरी आहे. जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांना मेंदी लावल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. आपल्याकडे ही कमतरता दुर्मिळ नाही, आणि तान्ह्या मुलाला ती आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीत नसते. म्हणून तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी लावण्याचा मोह टाळावा, हेच बरे.

नुकसान फक्त गिऱ्हाइकाचे होत नाही. एका रात्रीत पन्नास-साठ हातांवर नक्षी काढणाऱ्या आमच्या भगिनींची बोटे त्या कोनाला सतत लागतात. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ज्यांच्या कमाईवर घरच्या ईदचे कपडे येतात, त्यांच्याच बोटांना आधी भेगा पडतात. रंगाऱ्याच्या हाताला रंग लागायचाच, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येणार नाही.

माल पारखावा कसा?

प्रयोगशाळा सर्वांच्या आवाक्यात नसते. परंतु दुकानातल्या दुकानात काही चाचण्या करता येतात.

१) रंग : फार भडक हिरवी पावडर दिसली की शंका घ्यावी. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर टाकावी. लगेच हिरवा रंग धावू लागला तर वरून रंग मिसळला आहे. अस्सल पावडरभोवती हळूहळू तपकिरी-नारिंगी कडा उमटते.

२) वाळू : काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर पावडर ढवळावी. तळाला वाळू बसते. बोटांत चोळल्यावर खरखर लागते. वाळू वजनाला भारी, म्हणून भेसळीचा हा सर्वात जुना मार्ग.

३) वास : अस्सल मेंदीला वाळलेल्या गवताचा, ओल्या चहाचा वास येतो. कोनाला रॉकेल, पेट्रोल किंवा केसांच्या डायचा उग्र दर्प आला तर तो माल परत करावा.

४) वेळ : अर्ध्या तासात कोळशासारखा काळा डाग पडला तर ती मेंदी नव्हे. पहिल्या दिवशी नारिंगी आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी, हीच खरी चाल.

५) पाकीट : मेंदी कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडते. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. नुसते 'शंभर टक्के हर्बल' छापलेला आणि पत्ता नसलेला कोन काउंटरवर ठेवू नये. उद्या अन्न व औषध प्रशासनाचा माणूस आला तर बनवणारा सापडणार नाही, विकणारा मात्र जागेवरच असतो.

ठोक माल घेणाऱ्यांनी लॉसोनचे प्रमाण, राख आणि पीपीडी यांचा तपासणी अहवाल मागावा. चांगला गिरणीवाला तो देतो. टाळाटाळ करणाऱ्याचा भाव कितीही उतरलेला असो, तो महागच पडतो.

आणखी एक गोंधळ नावांचा. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून नीळीच्या पानाची पावडर आणि 'बिनरंगी मेंदी' म्हणून सोनामुखीच्या जातीच्या पानाची पावडरही विकली जाते. या दोन्ही वनस्पती आहेत, वाईट नाहीत, पण त्या मेंदी नाहीत. केस काळे करायचे असतील तर आधी मेंदी आणि मग नीळ लावण्याची जुनी रीत आहे. ती वेळखाऊ असली तरी निर्धोक समजली जाते. फक्त ज्याचे नाव त्यालाच द्यावे.

फूल आणि अत्तर

या झुडुपाचे पान हाताला आणि फूल अत्तरवाल्याला. कनौजला मेंदीच्या फुलांचे अत्तर काढतात, त्याला 'गुलहिना' म्हणतात. तांब्याच्या डेगीत फुले आणि पाणी, खाली मंद आच, वाफ नळीतून भपक्यात आणि भपक्यात चंदनाचे तेल, अशी ही पद्धत शतकानुशतके चालत आली आहे. पण 'हिना' किंवा 'शमामा' या नावाने जे उष्ण प्रकृतीचे हिवाळी अत्तर मिळते, ते फुलाचे नव्हे. त्यात जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी अशा अनेक मुळ्या-मसाल्यांचा अर्क असतो. गिऱ्हाईक दोन्हींची नावे एकच समजते, दुकानदाराने तरी समजू नये. चंदन महागल्यापासून पुष्कळ मालाची बैठक चंदनाऐवजी पॅराफिनसारख्या स्वस्त तेलावर असते. तेही सांगून विकावे.

कापडाला उपयोग किती?

लोकर आणि रेशीम ही प्रथिनाची बनलेली असल्यामुळे मेंदीचा रंग ती आनंदाने घेतात. आधी तुरटी दिली तर सोनेरी-तपकिरी छटा मिळते, लोखंडाचे पाणी दिले तर गडद, हिरवट-काळसर तपकिरी. सुताला मात्र हा रंग सहज धरत नाही. त्याला आधी हिरडा आणि तुरटीचा हात द्यावा लागतो. जर्मनीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर काही अझो रंगांवर बंदी घातली आणि १९९७ साली आपल्या सरकारनेही तसे केले. तेव्हापासून वनस्पतीच्या रंगांची चर्चा परत सुरू झाली. परंतु व्यापारी या नात्याने स्पष्ट सांगतो : भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाच्या पॉलिस्टर आणि स्वस्त सुती मालाला मेंदी हिशोबात बसणार नाही. जिथे माल थोडा, हाताचा आणि किमतीचा आहे, म्हणजे रेशमी ओढणी, लोकरी शाल, तिथेच ती परवडते. गिऱ्हाईकही असे हवे की ज्याला प्रत्येक घाण्याची छटा थोडी वेगळी येणे खपते.

महाराष्ट्रात धंदा करावा का?

कमी पावसाच्या तालुक्यांतील हलक्या जमिनीवर झुडूप जगेल, यात शंका नाही. पण ऐन काढणीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे परतीचा पाऊस असतो, हा मोठा अडसर आहे. शिवाय पाला विकायला जवळ मंडी नाही, दळायला गिरणी नाही. तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून एकदम एकरच्या एकर लावू नये. बांधावर दोन ओळी लावाव्यात, दोन हंगाम पाहावे, खरेदीदार आधी ठरवावा.

आपल्या लोकांसाठी खरी संधी शेतापेक्षा ताज्या कोनात आहे. हिशोब सोपा आहे. १ किलो कपडछान पावडरीत साधारण तीन-सव्वातीन लिटर पातळ पदार्थ मुरतो. म्हणजे सुमारे ४ किलो लगदा. २५ ते ३० ग्रॅमचा एक कोन धरला, तर वाया जाणारे सोडून १२० ते १५० कोन होतात. पावडर, लिंबू, साखर, तेल, कोनाचा कागद आणि मजुरी यांचा आपल्या गावचा भाव मांडून पाहावा. अस्सल कोन इन्स्टंट कोनापेक्षा महाग पडतो, हे खरे. पण तो रसायनाशिवाय दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही, फ्रीजरमध्येच टिकतो. म्हणजे दूरच्या कारखान्याला जे जमत नाही, ते मोहल्ल्यातल्या कारागिराला जमते. कोनावर बनवल्याची तारीख लिहावी, घटक लिहावेत, आपले नाव लिहावे. नाव लिहिण्याची हिंमत हीच या धंद्यातली जाहिरात.

शेवटी सवाल गिऱ्हाइकाच्या घाईचा. चाँदरातीला रात्री अकरा वाजता आलेल्या मुलीला सकाळी गडद हात हवे असतात, आणि दुकानदार लाचार होऊन काळा कोन पुढे करतो. या लाचारीवर उपाय आहे. मेंदीचा रंग दुसऱ्या दिवशी खुलतो, हे आपणच लोकांना सांगितले पाहिजे. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या रोज्याला मेंदी लावली, तर चाँद २९ चा होवो की ३० चा, ईदच्या सकाळी रंग भरलेलाच असतो. एवढा एक कागद दुकानाच्या दारावर चिकटवला तरी गर्दी दोन-तीन रात्रींत वाटली जाईल, कारागिरांचे काम वाढेल आणि काळ्या कोनाची गरज कमी होईल.

कापडाचा रंग उतरला तर गिऱ्हाईक कापड परत आणते आणि आपण बदलून देतो. हाताच्या कातडीवर पडलेला डाग बदलून देण्याची सोय कोणत्याही दुकानात नाही. ईदच्या मालाची मागणी लिहिण्यापूर्वी प्रत्येक दुकानदाराने एवढा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.